अर्ध्या गुणाचा डाव

अण्णा, म्हणजे माझे वडील, २०२० च्या फेब्रुवारीत सांगलीहून आमच्याकडे आयर्लंडमध्ये एनिसला आले ते तीन महिन्यांसाठी. आई गेल्यानंतरचा त्यांचा हा पहिलाच लांबचा प्रवास. बॅगेत भडंग होता, कांदालसूण चटणी होती आणि घडीचा बुद्धिबळाचा पट होता. पट नातीसाठी आणला होता. नातीने तो उघडून पाहिला, घोडा हातात घेऊन "क्यूट" म्हणाली आणि खेळायला बसतेस का विचारल्यावर "आयॅम ग्रँड, आजोबा" म्हणून वर निघून गेली. अण्णांना वाटलं, ती खूश झाली. ग्रँड म्हणजे इथे "नको, राहू दे" असंही असतं, हे मला त्यांना समजावून सांगावं लागलं.

मार्चमध्ये सगळं बंद झालं, परतीची विमानंही. मी शॅननला वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात काम करते, त्यामुळे माझं रोजचं जाणं-येणं चालूच राहिलं. नवरा वरच्या छोट्या खोलीत लॅपटॉपसमोर, मुलगी तिच्या खोलीत ऑनलाइन शाळेत. सत्तरीच्या पुढच्या माणसांनी घराच्या आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा नियम आला. त्याला सरकारने "कोकूनिंग" असं नाव दिलं होतं. अण्णांनी अर्थ विचारला. मी सांगितला, कोशात ठेवणं.

"म्हणजे रेशमाचा किडा केला म्हणायचं मला," ते म्हणाले, आणि पट उचलून पुढच्या खोलीच्या खिडकीत जाऊन बसले.

तिथे ते एकटेच दोन्ही बाजूंनी खेळायचे. नोकरीभर ते साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि कामावरून सुटले की त्यांची संध्याकाळ बुद्धिबळ मंडळात जायची. जिल्ह्यात त्यांचं नाव होतं. पण अलीकडे काही वर्षं त्यांनी मंडळात जाणं सोडलं होतं. कारण विचारलं तर सांगायचे, "डाव संपला की पोरं फोन काढतात. फोन सांगतो, काका, तुमची विसावी खेळी चुकली. का चुकली ते त्या पोराला ठाऊक नसतं, नि फोन सांगत नाही. मग बोलायचं कुणाशी?" कॉम्प्युटरने बुद्धिबळाची मजा घालवली, हे त्यांचं ठाम मत होतं, आणि त्यावर आमच्या घरात कुणी वाद घालत नसे.

आमच्या शेजारच्या घरात एक आयरिश गृहस्थ एकटे राहायचे. तेही सत्तरीच्या पुढचे. दोन्ही घरांच्या गाड्या लावायच्या जागांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, एवढीच आमची हद्द. त्या दिवसांत मी कामावरून येताना त्यांचं दूध, ब्रेड आणि पेपर आणून दाराशी ठेवत असे. एकदा पिशवी ठेवून वळले तर ते दारात उभे.

"तुझे वडील," ते म्हणाले, "काळ्या बाजूने सारखे हरतात. घोडा मागे घ्यायला हवा होता, असं त्यांना सांगशील?"

त्यांच्या अंगणातून आमची खिडकी दिसते आणि ते कितीतरी दिवस पट बघत होते, हे मला तेव्हा कळलं. मी निरोप दिला. अण्णांनी पटाकडे पाहिलं.

"त्याला म्हणावं, घोडा मागं घेतला की उंट पडतो."

मी परत गेले. शेजाऱ्यांनी विचार केला आणि म्हणाले, "उंट पडू दे. प्यादं पुढे जातंय ना."

असे दोन-तीन दिवस मी हेलपाटे घातले. मग एका कोरड्या दुपारी दोघंही आपापली खुर्ची घेऊन भिंतीच्या आपापल्या बाजूला बसले. दोघांच्या मांडीवर आपापला पट. एकाने खेळी ओरडून सांगायची, दुसऱ्याने ती आपल्या पटावर करायची. मला भीती होती की अण्णांचं इंग्रजी आणि शेजाऱ्यांचे इथल्या क्लेअर परगण्यातले उच्चार यांचा मेळ कसा बसणार. पण अण्णा म्हणाले, "पॉन टू किंग फोर," आणि शेजाऱ्यांचा चेहरा उजळला. खेळी लिहिण्याची ही जुनी पद्धत. आता जगात कुणी ती वापरत नाही, मुलं तर अक्षर आणि आकडा एवढंच सांगतात. या दोघांनी मात्र तरुणपणी एकाच जातीच्या जुन्या पुस्तकांतून खेळ शिकला होता, एकाने सांगलीत, दुसऱ्याने इथे. त्यानंतर त्यांना माझी गरज उरली नाही.

मे महिन्यात नियम थोडे सैल झाले. मी सुटीच्या दिवशी दोघांना चहा नेऊन देत असे, भिंतीवर दोन कप, दोन टोकांना. अशाच एका दुपारी डाव संपल्यावर अण्णा म्हणाले की माणसांनी माणसांशी खेळावं, यंत्रांनी यात पडायला नको होतं.

शेजारी हसले. "मग मला तुमची क्षमा मागावी लागेल," ते म्हणाले. "त्या पापात माझाही हात आहे."

अण्णांना वाटलं, गंमत करताहेत. पण त्यांनी जे सांगितलं ते आम्ही दोघं कप हातात धरून ऐकत राहिलो.

तरुण असताना ते शॅननच्या औद्योगिक वसाहतीत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मोठ्या विद्यापीठांमधले कॉम्प्युटर तेव्हाही बुद्धिबळ खेळायचे आणि त्यांच्या आपसात स्पर्धाही व्हायच्या. पण ती यंत्रं खोलीभर असत, ती उचलून कोण नेणार? म्हणून स्पर्धेच्या हॉलमध्ये नुसता एक माणूस पटासमोर बसायचा, कानाला टेलिफोन लावून. यंत्र दुसऱ्या शहरात, कधी दुसऱ्या खंडात. मध्येच लाइन तुटली की घड्याळ चालूच, आणि तो बिचारा माणूस "हॅलो, हॅलो" करत घामाघूम. एका उस्ताद खेळाडूने तर पैज लावली होती की अमुक इतक्या वर्षांत कुठलंही यंत्र मला हरवू शकणार नाही, आणि ती तो जिंकलाही.

"मग सुटे भाग आणून घरी जोडता येतील असे छोटे कॉम्प्युटर आले," शेजारी म्हणाले. "मी एक जोडला. आईच्या स्वयंपाकघरात. पडदा म्हणून आमचा टीव्ही. त्याला बुद्धिबळ शिकवण्यात दोन हिवाळे गेले. मेमरी इतकी कमी, की तुमच्या नातीच्या फोनमधला एक फोटोसुद्धा तिच्यात मावला नसता."

"आणि खेळायचा?" अण्णांनी विचारलं.

"वाईट. पण खेळायचा."

अशा घरगुती यंत्रांची लंडनमधल्या एका हॉटेलात स्पर्धा भरली. शेजाऱ्यांनी आपलं यंत्र ब्लँकेटमध्ये गुंडाळून सुटकेसमध्ये ठेवलं आणि बोटीने, मग रेल्वेने निघाले. बंदरावरच्या अधिकाऱ्याने सुटकेस उघडायला लावली. हे काय आहे? बुद्धिबळ खेळतं, शेजारी म्हणाले. तुला हरवतं का? अजून नाही. त्याने सुटकेस बंद करून दिली.

हॉलमध्ये ओळीने टेबलं आणि प्रत्येक टेबलावर कुणाच्या ना कुणाच्या घरचा टीव्ही. सगळीकडे सोल्डरचा वास. एकाचं यंत्र तापायचं म्हणून तो त्याला पुठ्ठ्याने वारा घालत बसला होता. नियम असा, की माणसाने फक्त हात व्हायचं. यंत्र सांगेल ती खेळी पटावर करायची आणि समोरच्याची खेळी यंत्रात टाइप करायची. आपल्याला काही दिसलं तरी गप्प बसायचं.

शेवटच्या फेरीत शेजाऱ्यांची गाठ पडली ती डब्लिनजवळ समुद्रकाठच्या डून लेरीहून आलेल्या एका गणिताच्या शिक्षिकेशी. तिनेही असंच यंत्र घरी बनवलं होतं. दोघंही गुणांच्या तक्त्यात खाली होते. पण स्पर्धेत आयरिश म्हणून तेवढेच दोघं, त्यामुळे हॉलमधली मंडळी त्या डावाला आयर्लंडचं अजिंक्यपद म्हणू लागली आणि स्वतःचा डाव संपला की खुर्ची घेऊन तिथे येऊन बसू लागली.

"माझ्या यंत्राने तिचं सगळं खाल्लं," शेजारी म्हणाले. "वजीर, घोडे, प्यादी, सगळं. शेवटी तिचा नुसता राजा उरला. माझा राजा आणि एक हत्ती."

"मग मात," अण्णा म्हणाले. "आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा मात करील तिथनं."

"माझं नाही करू शकलं. त्याला फक्त खायला कळायचं. चार खेळ्या पुढे खायला काही दिसेना, तेव्हा ते फिरायला निघालं. हत्ती इकडे, हत्ती तिकडे, परत इकडे. मला मात दिसतेय, तिला दिसतेय, मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसतेय. आणि माझ्या हाताने मी हत्ती परत जागेवर आणून ठेवतोय."

एकच स्थिती तीनदा आली आणि पंचांनी बरोबरी दिली. अर्धा गुण याला, अर्धा तिला.

अण्णांनी हातातला कप भिंतीवर ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही तिथं बसून राहिलात कसे?"

"नियम होता ना," शेजारी म्हणाले.

परत आल्यावर त्यांनी पुन्हा एक हिवाळा घालवून प्रोग्रॅममध्ये ती एकच गोष्ट घातली: हत्ती आणि राजा असताना मात कशी करायची. टेपवर उतरवून ठेवली. पण पुढच्या स्पर्धेला ते नुसतं बघायला गेले तेव्हा हॉलचं रूपच पालटलं होतं. कंपन्या उतरल्या होत्या. गुळगुळीत लाकडी पेट्या, पटाच्या घराघरात लुकलुकणारे लाल दिवे, कोट घातलेले विक्रेते. घरून टीव्ही आणणारे एका कोपऱ्यात गेले होते. शेजाऱ्यांनी एक चक्कर मारली, कॉफी प्यायले आणि परत आले. सुधारलेला प्रोग्रॅम कुणाशी कधी खेळलाच नाही.

"आणि मग ते राक्षसी यंत्र जगज्जेत्याला हरवून गेलं," अण्णा म्हणाले. "आम्ही पेपरात वाचलं. त्या संध्याकाळी मंडळात कुणी पटच मांडला नाही."

"मी पबमध्ये बातम्यांत पाहिलं," शेजारी म्हणाले. "सगळे जण माझ्याकडे वळून बघायला लागले, जणू मीच केलंय."

अण्णा हसले. त्या वर्षी मी त्यांना इतकं मोकळं हसताना पहिल्यांदाच पाहिलं असेल.

ते यंत्र आहे का अजून, असं मी विचारलं. माळ्यावर होतं. जूनमध्ये माझ्या नवऱ्याने शिडी लावून ते खाली काढलं, ब्लँकेटसकट. बहुतेक तेच ब्लँकेट असावं. आत एक उघडी हिरवी पाटी, तिच्यावर चिपांच्या रांगा, पुढे एक जाडजूड कीबोर्ड, आणि बिस्किटांच्या डब्यात कॅसेटी. शेजाऱ्यांच्या मनात ते लगेच प्लगला लावून बघायचं होतं. मी म्हटलं, थांबा. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, पण गेली कित्येक वर्षं माझं काम म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चाचण्या तपासून सह्या करणं. हातात सोल्डरिंग आयर्न धरून युगं लोटली होती. कपॅसिटर फुगलेले होते, ते मागवले. पहिले दोन टाके इतके गबाळे पडले की कॉलेजातल्या सरांनी मला वर्कशॉपबाहेर काढलं असतं. मग हात बसला.

तो उन्हाळा आमचा शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये गेला. दार पूर्ण वर केलेलं, आम्ही आत टेबलाशी, शेजारी आणि अण्णा बाहेर उन्हात खुर्च्यांवर, डाव मांडून. यंत्र ऑगस्टमध्ये जिवंत झालं. जुन्या टीव्हीवर एक चौकोनी ठिपका लुकलुकायला लागला. शेजारी आत आले, दोन बोटांनी काहीतरी टाइप केलं, ठिपका पुढच्या ओळीवर गेला. ते नुसतं "हं" म्हणाले.

कॅसेटींनी जास्त छळलं. टेपरेकॉर्डरचा पट्टा विरघळून डांबरासारखा झाला होता. नवा घातला तर आवाज फाटका येई. माझ्या नवऱ्याने तो आवाज लॅपटॉपवर उतरवून घेतला आणि ऑफिसचं काम संपल्यावर थोडा थोडा साफ करत बसला. ऑक्टोबरात पुन्हा कडक बंदी आली, पण एकट्या राहणाऱ्या माणसाला एका घराशी जोडून घ्यायची मुभा होती. सपोर्ट बबल म्हणत त्याला. शेजारी आमच्या बबलमध्ये आले आणि यंत्र आमच्या स्वयंपाकघरात आलं. जेवायच्या टेबलाचा अर्धा भाग त्याने व्यापला. आम्ही उरलेल्या अर्ध्यात जेवायचो.

पहिली टेप चालली. पडद्यावर अक्षरांचा पट उमटला. शेजाऱ्यांनी हत्ती आणि राजाची ती स्थिती मांडली. त्यांना ती तोंडपाठ होती. यंत्राने विचार केला आणि हत्ती बाजूला नेला, मग परत आणला, मग पुन्हा बाजूला.

"जुनाच आहे हा," शेजारी म्हणाले. "लंडनचा."

सुधारलेला प्रोग्रॅम दुसऱ्या टेपवर होता आणि तिचा मधला एक तुकडा खराब झाला होता. तिथे काय लिहिलं होतं ते आठवणं एवढाच मार्ग होता. शेजारी रोज सकाळी नाश्त्यानंतर आमच्याकडे यायचे, ओव्हरकोट न काढता टेबलाशी बसायचे आणि कागदावर लिहायचे, खोडायचे. एकदा मी विचारलं, कसं चाललंय.

"तिशीतल्या स्वतःशी भांडतोय," ते म्हणाले. "तो फार हुशारी करायचा. सरळ काही लिहायचाच नाही."

ख्रिसमसच्या आधी ते जुळलं. आता खेळायचं कुणाशी, असा प्रश्न आला तेव्हा अण्णाच म्हणाले, "त्या बाईंशी. आणखी कुणाशी?"

डून लेरीच्या त्या बाई आणि शेजारी एकमेकांना दर ख्रिसमसला कार्ड पाठवत आले होते. भेट मात्र त्या स्पर्धेनंतर झालेली नव्हती. शेजाऱ्यांनी फोन लावला. बाईंचं यंत्र केव्हाच भंगारात गेलं होतं.

"पण एक राजा हलवायला यंत्र कशाला हवं?" बाई म्हणाल्या. फोन स्पीकरवर होता, आम्ही सगळे ऐकत होतो. "मी हलवते. नवा डाव मांडायचाच नाही. जिथे थांबलो तिथूनच पुढे."

"म्हणजे तू मात व्हायलाच बसणार," शेजारी म्हणाले.

"झाली तर. मागच्या वेळी झाली नव्हती."

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी आम्ही बसलो. पटासमोर हात म्हणून कोण बसणार, यावर शेजारी म्हणाले, "मी एकदा बसलोय. या वेळी मला बघायचंय." म्हणून ते काम अण्णांकडे आलं. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला. स्पर्धेला जाताना ते नेहमी तसा घालायचे. मुलगीही खाली आली आणि किटलीजवळ ओट्यावर चढून बसली.

यंत्राला एका खेळीला काही मिनिटं लागत. पडद्यावर खेळी आली की अण्णा ती पटावर करायचे आणि फोनमध्ये मोठ्याने सांगायचे. तिकडून बाईंचं उत्तर यायचं, शेजारी ते टाइप करायचे. मधल्या वेळात गप्पा. बाईंनी अण्णांना विचारलं, तुमच्या गावात काय पिकतं. अण्णांनी ऊस आणि हळद सांगितली. साखर कशी करतात ते बाईंना नीट जाणून घ्यायचं होतं, आणि अण्णांनी ते असं तब्येतीत समजावलं की यंत्राची खेळी येऊन पडली तरी त्यांचा रस अजून उकळतच होता.

"अण्णा, खेळी आलीय," मी म्हटलं.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय करतंय? राजा जवळ आणायचा सोडून हत्ती कशाला हलवतंय?"

"ते म्हणेल तेच," शेजारी म्हणाले.

"अहो, पण तीन खेळ्या फुकट जातील."

"जाऊ देत."

अण्णांनी हत्ती उचलला. त्यांचा हात पटावर क्षणभर अधांतरी थांबला. मग त्यांनी तो यंत्राने सांगितलेल्या घरात ठेवला, आणि हात मागे घेऊन मांडीखाली दाबून ठेवला.

"कळलं मला," ते म्हणाले, "तुमचं त्या दिवशी काय झालं असेल ते."

बाईंचा राजा पटाच्या कडेला सरकत चालला होता, पण कोपऱ्यात काही जाईना. मग एकदा आधीचीच स्थिती परत आली, म्हणजे दुसऱ्यांदा. शेजाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. तिसऱ्यांदा आली की बरोबरी. लंडनचीच गत.

यंत्र विचार करत राहिलं. या वेळी नेहमीपेक्षा फारच वेळ लागला. माझ्या नवऱ्याला वाटलं, बंद पडलं. मग पडद्यावर खेळी उमटली: हत्ती, एकच घर, बाजूला. शह नाही, दबाव नाही, काहीच नाही.

अण्णा पुढे वाकले. "थांबलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "मुद्दाम थांबलंय. आता तिलाच हलावं लागणार."

तेच होतं. अशा शेवटात एक खेळी नुसती वाट बघण्यात घालवावी लागते. मग समोरच्या राजाला आपण होऊन आपल्या राजासमोर यावं लागतं. शेजाऱ्यांनी एका हिवाळ्यात यंत्राला शिकवलेली गोष्ट ती हीच, आणि खराब टेपवरून गेलेला तुकडाही तोच होता. आठवून लिहिलेला बरोबर निघाला.

फोनमध्ये बाई खळखळून हसल्या. "मी बघितलं हं," त्या म्हणाल्या. "बरं. आले मी समोर."

त्यानंतर फार वेळ लागला नाही. शेवटची खेळी अण्णांनी केली, फोनमध्ये सांगितली आणि मराठीतच म्हणाले, "मात."

"मला समजलं," बाई म्हणाल्या. "घे तुझा अर्धा गुण. आजवर सांभाळला मी."

शेजारी उठले. त्यांना काही बोलायचं असावं असं वाटलं, पण ते "ग्रँड" एवढंच म्हणाले आणि आमच्याच घरातल्या प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, कप काढून चहा करायला लागले. दूध घालताना त्यांची पाठ आमच्याकडे होती. मुलीने ओट्यावरून उतरून त्यांच्या हातातला दुधाचा कॅन घेतला आणि म्हणाली, "फेअर प्ले टू यू." म्हणजे शाब्बास.

त्यानंतर अण्णा रोज त्या यंत्राशी खेळू लागले. कधी हरायचे, बहुतेक वेळा जिंकायचे. मी विचारलं, यंत्राशी खेळायचं नाही म्हणत होतात ना? ते म्हणाले, "हे का चुकतं ते मला कळतं. चुकलं की त्याला विचारता येत नाही, पण यांना विचारता येतं," आणि भिंतीपलीकडे बोट दाखवलं.

सगळंच काही हसतखेळत गेलं नाही. एप्रिलमध्ये सांगलीहून फोन आला की मंडळातला त्यांचा सगळ्यात जुना जोडीदार करोनात गेला. अण्णा दोन दिवस खालीच आले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाहेर ऊन होतं. शेजाऱ्यांनी भिंतीवर पट मांडून ठेवला होता, पांढरी बाजू आमच्याकडे करून. अण्णा खिडकीतून बघत राहिले, मग चपला घालून बाहेर गेले. दोघं दुपारभर खेळले. काय बोलले, मला माहीत नाही. मी कामावर होते.

जुलैमध्ये, सगळ्यांच्या लसी झालेल्या आणि जिल्ह्याबाहेर जायला मोकळीक, तेव्हा आम्ही डून लेरीला गेलो. मी गाडी चालवली. शेजारी माझ्या बाजूला, मागे अण्णा, नवरा आणि मुलगी. शेजाऱ्यांनी केस कापून घेतले होते आणि टाय लावला होता. वाटेत त्यांनी दोनदा विचारलं, बाईंना आपण ओळखू ना. अण्णा म्हणाले, "ती ओळखेल. तुम्ही नुसतं उभं राहा."

बाई बंदराच्या धक्क्याच्या सुरुवातीलाच भेटल्या. ठेंगण्या, पांढरे केस बारीक कापलेले, अंगात लाल रेनकोट, जरी आभाळात एक ढग नव्हता. त्या सरळ शेजाऱ्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या. हात मिळवायचा की कोपर, यात दोघांची थोडी तारांबळ उडाली आणि शेवटी त्यांनी हातच मिळवले आणि ते बराच वेळ सोडले नाहीत.

"तू उंच होतास," बाई म्हणाल्या.

"मी बसलेलो होतो तेव्हा," शेजारी म्हणाले.

"मग मीच उंच असेन."

आम्ही धक्क्यावरून चालत गेलो. पाणी शांत होतं, पोहणाऱ्यांची डोकी दिसत होती. बाई सांगत होत्या की लंडनच्या त्या डावात त्यांना शेजाऱ्यांची खूप दया येत होती आणि डाव सोडून द्यावा असं मनात आलं होतं. मग का नाही सोडलात, असं मी विचारलं. "अगं, अर्धा गुण कुणाला नको असतो?" त्या म्हणाल्या. शेजारी थांबून हसायला लागले, इतके की अण्णांनी त्यांचा दंड धरला.

बाकावर बसल्यावर बाईंनी रेनकोटच्या खिशातून चुंबकाचा छोटा पट काढला आणि अण्णांसमोर धरला. "यंत्राशी झालं," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही."

अण्णांनी काळी बाजू घेतली. मी नवऱ्याबरोबर आइसक्रीम आणायला गेले. रांग मोठी होती, परतायला वेळ लागला. आलो तेव्हा डाव संपत आला होता. अण्णांचा वजीर कधीच गेला होता. बाईंनी काहीही घाई न करता, एकेक सोंगटी बोटाच्या टोकाने ढकलत त्यांचा राजा कोंडला. शेजारी हाताची घडी घालून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

"हरलो," अण्णा मला म्हणाले. "चांगलंच हरवलं बाईनं."

मी कोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो एका हातात धरला आणि दुसऱ्या हाताने सोंगट्या परत जागेवर मांडायला सुरुवात केली. बाईंनी रेनकोट काढून बाकाच्या पाठीवर टाकला आणि पांढरी सोंगटी एका मुठीत, काळी दुसऱ्या मुठीत लपवून दोन्ही मुठी अण्णांसमोर धरल्या.